नामा ठोंबरेची मोठी चाकं

लोधिवलीच्या नामा ठोंबरेला आसपासच्या गावांत सगळे 'चाकवाला नामा' म्हणायचे आणि त्याला ते मनापासून आवडायचं. खोपोलीच्या एका कागद कारखान्यात तो गोडाऊनला होता. तिथं नवीन मशीन बसवायला हॉलंडहून एक साहेब आला. उंच, लालबुंद आणि संध्याकाळ झाली की अजिबात न करमणारा. मग तो पायात चाकांचे बूट चढवून गोडाऊनच्या गुळगुळीत कोब्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत बसायचा. ती चाकं दोन पुढं, दोन मागं अशी नव्हती. एकामागं एक, सरळ ओळीत लावलेली होती. सगळे कामगार दारात उभे राहून हसायचे. एकटा नामा हसायचा नाही, टक लावून बघायचा. म्हणून साहेब परत निघाला तेव्हा त्यानं ते बूट नामाला देऊन टाकले.

साहेबाचा पाय नामाच्या पायापेक्षा चांगला वीतभर मोठा. नामानं पुढं चिंध्या कोंबल्या, वरून दोन-दोन मोजे घातले आणि पावसाळाभर गोडाऊनमध्ये पडत-झडत ती विद्या आत्मसात केली. त्याची म्हणून एक चाल तयार झाली. छोटी छोटी पावलं टाकत टुणटुण पळायचं, मध्येच गर्रकन गिरकी घ्यायची आणि टाचेला जो रबराचा ठोकळा होता तो टेकवून जागच्या जागी थांबायचं. थांबल्यावर दोन्ही हात पसरायचे. हे हात पसरणं साहेबानं शिकवलं नव्हतं, ते नामाचं स्वतःचं होतं.

पुढच्या लग्नसराईत गावात वरात आली की बँडच्या पुढं नामा असं ठरूनच गेलं. बँडवाले जोरात वाजवायचे, नामा जोरात टुणटुणायचा. म्हाताऱ्या बायका नवरदेव बघायचं सोडून याचे पाय बघायच्या.

त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, साहेब मशीन तपासायला परत आला आणि नामासाठी नवे बूट घेऊन आला. या वेळी माप नामाच्याच पायाचं. पण बाकी सगळं वेगळं. जुन्या बुटाला चार चाकं होती, याला पाच. जुनी चाकं बत्ताशाएवढी, ही चांगली फुगलेल्या पुरीएवढी. जुना बूट नडगीपर्यंत यायचा, हा घोट्याच्या खालीच संपला होता. आणि टाचेचा ठोकळा तर नव्हताच. नामानं बोट लावून तिथं काहीतरी राहिलंय असं खुणेनं दाखवलं. साहेबानं मान हलवली, म्हणजे नाही, असंच असतं. मग त्यानं हाताचा पंजा हवेतून सावकाश, लांबलचक फिरवला आणि म्हणाला, "स्लो. लाँग."

नामाला एवढं इंग्रजी येत होतं. हळू आणि लांब. त्यानं अर्थ लावला की हळू चालव आणि लोकांपासून लांब राहा. त्यानं 'यस सर' म्हटलं. दुसऱ्या दिवशी साहेब विमानानं गेला.

त्या संध्याकाळी नामानं गोडाऊनमध्ये नवे बूट चढवले आणि सवयीप्रमाणे टुणकन पाऊल टाकलं. पाऊल टाकलं तेही पुढं गेलं आणि मागचंही पुढं गेलं, नामा मात्र होता तिथंच राहिला, म्हणजे जमिनीवर. तो उठला. पुन्हा टुणटुण केलं. जुन्या चाकांवर एक ढकल दिली की दोन हात जायचं. इथं पहिल्या चार ढकला दिल्या तरी चाकं ढिम्म, आणि पाचवीला जी सुटली ती थांबायचं नाव घेईनात. घोटे आत-बाहेर लटपटायला लागले. गिरकी घ्यायला गेला तर गिरकी होण्याऐवजी मोठा वळसा झाला आणि तो वळसा संपायच्या आत भिंत आली. भिंतीला कागदाची रिळं लावलेली होती, त्यांना मिठी मारून नामा थांबला.

घरी आल्यावर बायकोला दाखवावं म्हणून तो ओट्यावरच बूट घालून दारातून आत शिरला आणि वरच्या चौकटीवर त्याचं कपाळ आपटलं. तो विसरलाच होता की आपण आता चार बोटं उंच झालोय.

मैनानं टेंगळाला हळद लावली. ती म्हणाली, "अवो, मग परवाच्या वरातीला जुनेच घाला की."

"नाय जमायचं. पदूनं सांगून ठेवलंय समद्यांना."

पदू म्हणजे नामाचा चुलत भाऊ. त्याच्या मुलीचं, कोंडीचं लग्न होतं. नवरदेवाकडची मंडळी चौक गावची, त्यांनी मागल्या वर्षी एका लग्नात नामाची जुनी चाकं पाहिलेली होती. म्हणून पदूनं छातीठोकपणे कळवलं होतं की आमच्या लग्नात हॉलंडची मोठी चाकं असणार, गेल्या वर्षीचं कायबी विसरा.

ओसरीवर नामाची आई, धोंडूबाई, तांदूळ पाखडत बसली होती. ती त्या भागातली धवलारीण. लग्नात हळदीपासून नवरी सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीला धवले गायचे, ते तिनं. भटजीचे मंत्र आणि धोंडूबाईचे धवले, दोन्ही झाल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी धरत नसे. तिनं मघाशी ओट्यावर नामाची लटपट बघितली होती.

"तुझी पावलं लई घाईची हायत, नाम्या," ती म्हणाली. "चिमणीवानी उड्या मारतोस."

"आये, ह्यातलं तुला काय कळतंय."

"नाय बा," म्हणून ती पुन्हा पाखडायला लागली.

कोंडीच्या लग्नाचा मुहूर्त गोरजाचा होता. धोंडूबाईला त्याच दिवशी सकाळी खालच्या वाडीतलं, पाताळगंगेच्या काठचं दुसरं लग्न होतं. ते उरकून तिनं दुपारी वर यायचं असा बेत होता. चौकची दुसरी धवलारीण आजारी होती, त्यामुळे दोन्ही लग्नं तिच्याच गळ्यावर.

त्या वर्षी महामार्गाच्या फाट्यापासून गावातून थेट नदीपर्यंत नवीन डांबरी रस्ता झाला होता. दुपारी फाट्यावर चौकचं वऱ्हाड उतरलं. नवरदेव घोड्यावर बसला. नामानं पांढरा सदरा, डोक्यावर फेटा आणि पायात ते बूट असं सजून बँडच्या पुढं जागा घेतली. उंची वाढल्यामुळं फेट्यासकट तो घोड्याच्या कानापर्यंत पोचत होता. चौकची मंडळी वाकून वाकून चाकं बघत होती. नामाची छाती फुगली, पण फाट्यावरून गावाकडं बघताना त्याला पहिल्यांदाच जाणवलं की हा रस्ता उतरता आहे. रोज चालताना तो कधी उतरता वाटला नव्हता.

बँडवाल्यानं ढोलावर टिपरू मारलं. चाल नेहमीचीच होती, घाईची. नामाचे पाय आपोआप टुणटुण करायला लागले. एक, दोन, तीन, चार, आणि पाचव्याला चाकं सुटली.

आधी बँडवाल्यांनी त्याच्या जोडीनं पळायचा प्रयत्न केला. सनईवाला थोडा वेळ टिकला. मग तोही मागं पडला आणि बँडचा आवाज लांब लांब होत गेला. नामानं टाच टेकवली, तिथं ठोकळा नव्हता. त्यानं गिरकी घ्यायचा विचार केला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे दगडी गडगे बघून तो विचार सोडून दिला. साहेब म्हणाला होता लांब राहा, पण गाव तर जवळ येत होतं.

पदूच्या मांडवापुढं सगळे जय्यत तयारीत उभे होते. पदूची बायको आरतीचं ताट घेऊन, पदू हातात हार घेऊन. रस्त्याच्या वळणावरून फेटा आलेला दिसला तसा पदूनं नीट बघितलं नाही, हार पुढं केला. नामाची मान त्यात बरोबर गेली. हार घेऊन नामा पुढं गेला.

"नाम्या, आरं कुटं?" पदूनं विचारलं.

"येतो," एवढंच नामाला म्हणता आलं.

गावाच्या शेवटी रस्ता सपाट होता, तिथं तो थांबलाही असता. पण तिथं गावची कुत्री झोपलेली होती. माणसं पळताना त्यांनी पाहिली होती, सायकली पाहिल्या होत्या. पाय न उचलता पळणारा फेटेवाला त्यांना बघवला नाही. ती भुंकत मागं लागली आणि नामानं जिवाच्या आकांतानं टुणटुण करून पुन्हा वेग घेतला. कुत्र्यांनी त्याला शेतांमधून पार वाडीच्या उतारापर्यंत पोचवलं आणि मग ती समाधानानं परत फिरली. नामा उतारावरून खाली गेला.

वाडीत नवरीचा बाप गोमा सकाळपासून मांडवाच्या दारात उभा होता. मुहूर्त टळून गेला होता, नवरदेवाचा टेंपो अजून आला नव्हता, आणि गोमाला चष्मा नव्हता. त्याला वरून येणारा फेटा दिसला, गळ्यातला हार दिसला आणि त्याच्या जिवात जीव आला. "आलं, पाव्हणं आलं," म्हणून त्यानं हाक दिली. मांडवात बसलेल्या बायका उठल्या, पोरांनी ताशा बडवला, कुणीतरी अक्षता उधळल्या. नामा मांडवाच्या दाराशी सोडलेल्या कनातीत शिरला आणि कनात अंगाभोवती गुंडाळून एकदाचा थांबला.

त्याला सोडवून पाटावर बसवलं. गोमा तांब्या घेऊन आला. "पाव्हणं, पाय," तो म्हणाला.

नामानं घाबरत पाय पुढं केले. गोमानं पाणी ओतलं, हातानं चाचपलं, पुन्हा चाचपलं. "पाय कुटं हायत पाव्हणं?"

"ह्येच हायत," नामा म्हणाला. "आत हायत."

गोमा पाहुण्याला न दुखवणारा माणूस होता. त्यानं दहाही चाकं एकेक करून धुतली. पाणी बुटांत गेलं, नाड्यांत गेलं.

एवढ्यात आतून धोंडूबाई बाहेर आली. तिला बोलावणं आलं होतं की पाहुणे आले, धवला सुरू कर. ती गातच बाहेर आली होती आणि समोर पाटावर तिला स्वतःचा मुलगा दिसला. धवला मध्येच तोडायचा नसतो, अपशकुन होतो. धोंडूबाईनं तोडला नाही. सुराला जरासाही धक्का न लावता ती गायली,

"चाकांवरी आला गो, लोधिवलीचा पाव्हणा,
पाय धुवाया बसलं गो, त्याचा पायच गावंना."

बायकांनी ते ओळीनं मागं म्हटलं. नामा मान खाली घालून बसला. दोन वेळा म्हणून झाल्यावर एकीच्या लक्षात आलं की हा शब्द नेहमीचा नाही, आणि मग जी हसायला लागली तिला दोघींनी धरून आत नेलं.

खुलासा होतो न होतो तोच खरं वऱ्हाड आलं. टेंपोचं इंजिन तापून बंद पडलं होतं आणि वऱ्हाडच टेंपोला ढकलत आणत होतं, नवरदेवासकट. मग एकच घाई उडाली. लग्न लागलं, धवले झाले. धोंडूबाईनं एकही विधी गाळला नाही. पण सगळं होईपर्यंत ऊन कलायला आलं आणि वर लोधिवलीत कोंडीचा गोरज मुहूर्त तिची वाट बघत होता.

धोंडूबाईचे गुडघे चढाला साथ देत नसत. वाडीतली एकुलती बैलगाडी पाहुणे आणायला गेलेली, टेंपोचा ड्रायव्हर जेवून पंगतीतच आडवा झालेला. राहिली एक हातगाडी, जिच्यावरून सकाळी जेवणाची भांडी आणली होती.

धोंडूबाई तिच्यावर चढून बसली. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "ढकल."

"आये, बूट काढतो आधी."

त्यानं नाड्यांना हात घातला. गोमानं पाहुणचारात कसूर केली नव्हती. नाड्या भिजून फुगल्या होत्या आणि गाठी दगड झाल्या होत्या. नखानं ओढून झालं, दातानं ओढून झालं. गोमानं कोयता आणायची तयारी दाखवली, पण हॉलंडच्या नाड्या कापायला नामाचं मन होईना.

"मग तसाच ढकल," आई म्हणाली.

नामानं दांडा धरला आणि टुणटुण केलं. हातगाडी गचके खात चढाला लागली. प्रत्येक गचक्याला धोंडूबाई वर उडून खाली येत होती.

"अरं, मी काय मुरमुऱ्याचं पोतं हाय?"

"चाकंच तशी हायत, आये. धड धरतच नायत."

धोंडूबाईनं गाडीची कड घट्ट धरली. दुसऱ्या लग्नासाठी गळा तापता ठेवायला हवा होता, म्हणून ती गायला लागली. नवरी न्हायाला बसते त्या वेळचा धवला, सगळ्यांत संथ. एक ओळ निघायची आणि ती सावकाश खेचत, वळवत, शेवटाला खाली टेकवायची, मग श्वास, मग दुसरी ओळ. नामानं हा धवला जन्मल्यापासून ऐकला होता. त्याचे पाय बँडच्या चालीवर टुणटुणायला बघत होते, पण कानात बँड नव्हता. गाडीचा दांडा खाली होता म्हणून तो कमरेत वाकला होता, गुडघे आपोआप मुडपले होते. ओळ सुरू झाली तसा त्यानं उजवा पाय बाजूला ढकलला. पुढचं पाऊल टाकणार, तर ओळ अजून संपलेली नव्हती. म्हणून तो थांबला. आणि तो थांबला तरी चाक थांबलं नाही. ते चालत राहिलं, गाडी चालत राहिली, आई गचका न खाता बसून राहिली. ओळ संपली, श्वास झाला, दुसरी ओळ निघाली. त्यानं डावा पाय ढकलला.

चढ कधी संपला ते त्याला कळलं नाही. शेतांमधल्या सपाट रस्त्यावर आल्यावर घोटे लटपटायचे बंद झाले होते. एका ओळीला एक ढकल, बस. त्याला साहेबाचा हवेतून फिरणारा पंजा आठवला आणि स्लो-लाँगचा अर्थ अंगात शिरला. त्याला एकदम इतकं बरं वाटलं की त्यानं आईच्या मागं धवला म्हणायला सुरुवात केली. धवले पुरुषांनी म्हणायचे नसतात. धोंडूबाईनं मागं वळून बघितलं आणि पुढची ओळ घेतली. बांधावरच्या एका सायकलवाल्याला त्यांनी मागं टाकलं. तीच कुत्री पुन्हा उठली, पण धोंडूबाई समोर देवीसारखी बसलेली बघून बाजूला सरकली.

मांडव दिसायला लागला तशी ती म्हणाली, "आता थांबव."

"थांबवायचं आजून आलं नाय मला," नामा म्हणाला.

धोंडूबाईनं थोडा विचार केला. "मग मांडवाला फेरा मार. मी गात ऱ्हाते."

वरात दर चार पावलांना थांबून नाचत नाचत दुपारभरानं नुकतीच मांडवापाशी पोचली होती. सगळ्यांसमोरून हातगाडीवर बसलेली धवलारीण गात गात आली, मागं वाकलेला नामा, आणि गाडी मांडवाला वळसा घालून निघाली. मोठ्या चाकांना मोठा वळसाच लागतो आणि मांडव तेवढा मोठा होता. बायकांना वाटलं हा काही जुना मान असणार, त्यांनी धवला उचलला आणि अक्षता टाकल्या. दुसऱ्या फेऱ्याला भटजीही उभा राहिला. पुढच्या फेऱ्याला वेग उतरला आणि गाडी बरोबर पदूसमोर येऊन आपोआप उभी राहिली. नामानं दोन्ही हात पसरले.

चौकच्या मंडळींतला एक वयस्कर माणूस, नवरदेवाचा मामा, पुढं आला. "आमच्यात ही पद्धत नाय," तो म्हणाला. "पण चांगली हाय. आता नवरदेवाला फिरवा."

पदूनं नामाकडं बघितलं. ओठांवर आलेलं त्यानं गिळलं आणि म्हणाला, "फिरवतो की. आमच्याकडं नेहमीचंच हाय."

नवरदेवाला घोड्यावरून उतरवून हातगाडीवर बसवलं. ताशेवाल्यानं काड्या उचलल्या, पण नामानं त्याला हात केला. बँड नको. आईनं धवला धरला आणि त्या संथ चालीवर नामानं नवरदेवाला मांडवाभोवती असा फिरवला की त्याच्या मुंडावळ्यासुद्धा हलल्या नाहीत. मग मामा बसला. मग मामाची बायको. शेवटी भटजीनं मुहूर्ताची आठवण करून दिली, नाहीतर अख्खं चौक रांगेत होतं.

कोंडीचं लग्न गोरजावर लागलं. नामा बूट घालूनच पंगतीला बसला. मैना पाट सरकवून त्याच्या पायाशी बसली आणि एकीकडे विळीच्या टोकानं गाठी उकलत राहिली.

"आज काय पडला नाय तुमी," ती म्हणाली.

"पडलो नाय," नामा म्हणाला आणि जिलेबी मागून घेतली.

सोमवारी कामावर गेल्यावर त्यानं जेवणाच्या सुट्टीत गोडाऊनमध्ये बूट चढवले. कमरेत वाकला, डोळे अर्धे मिटले आणि तोच नवरीच्या न्हाण्याचा धवला गुणगुणत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत निघाला, एका ओळीला एक पाय. दारात कामगार जमले. या वेळी कुणी हसलं नाही. जरा वेळानं वजनकाट्यावरचा माणूस डबा घेऊन आला, त्यानं कान देऊन ऐकलं आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "कुणाचं लगीन हाय रं? आपल्याला आवतान कसं नाय?"